केमो एका दिवसाची, सांभाळायचे वीस दिवस

तीन आठवड्यांच्या चक्रातली केमो म्हणजे एक दिवस दवाखान्यातल्या खुर्चीवर आणि वीस दिवस घरी. त्या एका दिवशी डॉक्टर, सिस्टर, फार्मासिस्ट सगळे भोवती असतात. उरलेले वीस दिवस सुनेवर, मुलावर, नाहीतर शेजारच्या वहिनींवर येतात, आणि पुढची केमो ठरल्या तारखेला लागणार की लांबणार हे बहुतेक वेळा त्याच दिवसांत ठरतं. सोलापुरात धीर द्यायला माणसं कमी पडत नाहीत. पेशंट घरी आला की संध्याकाळी दहा जण केळी, सफरचंदं आणि बिस्किटाचे पुडे घेऊन हजर. पण ताप कोण मोजणार, पाणी कोण उकळणार, रात्री दोन वाजता गाडी कोण काढणार हे कुणी विचारत नाही. पेशंटची उमेद टिकते ती या प्रश्नांची उत्तरं घरात तयार असली तर, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून हा सगळा लेख त्या वीस दिवसांवर. औषधाचा डोस ठरवणं आणि बदलणं हे तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांचंच काम, ते इथे नाही.

सगळ्यात आधी फाईल. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात एवढंच: नाव, वय, वजन, रक्तगट, कशाची ॲलर्जी, आजार कुठला आणि कितवी स्टेज, केमोतल्या औषधांची नावं, शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली, बीपी-शुगरच्या गोळ्या, आणि दवाखान्याचा रात्री लागणारा फोन. रात्री कॅज्युअल्टीत बसलेल्या डॉक्टरांनी तुमच्या पेशंटला कधी पाहिलेलं नसतं. त्यांना दोन मिनिटांत कळायला हवं ते याच पानावर असतं. त्याच्या मागे बायोप्सीचा रिपोर्ट, मग स्कॅन, मग प्रत्येक केमोचा कागद आणि त्याच्या आधीची रक्ततपासणी, तारखेच्या क्रमाने. सगळ्याचे फोटो घरातल्या दोन मोबाईलवर.

बायोप्सीचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, आणि स्लाईड, म्हणजे त्यांचे काचेवरचे पातळ काप, लॅबमधून मागून घेता येतात. दुसऱ्या दवाखान्यात मत घ्यायचं तर रिपोर्टचा कागद पुरत नाही, तिथले पॅथॉलॉजिस्ट स्लाईड पुन्हा पाहतात. ब्लॉक मेणाचा असतो आणि ते मेण साधारण साठ अंशांच्या अलीकडेच वितळतं. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढी उष्णता सहज होते, तेव्हा डबी अंगावरच्या पिशवीत ठेवा.

आणखी एक सोलापूरचीच अडचण. फाईल इंग्रजीत, डॉक्टर बोलणार मराठीत, आणि घरात तेलुगू, कन्नड किंवा उर्दू. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत आजी-आजोबांना गोळ्यांची चिठ्ठी वाचताच येत नाही. अशा वेळी पाकिटावर सूर्य, ताट आणि चंद्र काढा: सकाळची, जेवणानंतरची, झोपतानाची. ‘उलटी झाली तर’ घ्यायच्या गोळ्यांचं पाकीट वेगळ्या रंगाचं. नियमाने घ्यायची गोळी आणि लागली तर घ्यायची गोळी यांची गल्लत हीच घरातली सर्वांत नेहमीची चूक.

पैशांचं थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होतं. आता ती आयुष्मान भारतशी जोडलेली आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या मदतीसाठी बसलेल्या माणसाला, थेट विचारा: या दवाखान्यात योजनेखाली केमो, रेडिएशन आणि ऑपरेशन यांपैकी नेमकं काय होतं? कारण तिन्ही एकाच ठिकाणी होतीलच असं नाही. गाडी अडते ती बहुधा रेशनकार्डावर: सुनेचं नाव चढवलेलंच नाही, किंवा आधारवर एक स्पेलिंग आणि कार्डावर दुसरं. बायोप्सीचा रिपोर्ट यायच्या आठवड्यातच हे दुरुस्त करायला घ्या. योजनेचा फोन १५५३८८ किंवा १८००२३३२२००. विड्या वळणाऱ्या बायकांनी आपलं विडी कामगार ओळखपत्र काढून ठेवावं आणि कामगार कल्याण विभागाच्या दवाखान्यात वेगळी चौकशी करावी, ती मदत या योजनेहून निराळी आहे.

आता मुख्य गोष्ट, ताप.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्यातल्या न्यूट्रोफिल जंतूंशी लढतात. रिपोर्टवरून हिशोब घरी करता येतो: एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी भागिले शंभर. २,४०० पेशी आणि ४० टक्के न्यूट्रोफिल म्हणजे ९६०. हजाराच्या खाली केमो बहुतेक वेळा पुढे ढकलतात, पाचशेच्या खाली साधा जंतूही अंगावर उलटू शकतो. या काळात ताप हेच बऱ्याचदा एकमेव लक्षण असतं. पू होत नाही, सूज दिसत नाही, कारण पू आणि सूज करायलाही त्याच पेशी लागतात.

म्हणून घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. कपाळाला हात लावून ‘अंग जरा कढत लागतंय’ हे मोजमाप नव्हे. सोलापूरच्या ४२-४३ अंशांत सगळ्यांचंच कपाळ कढत असतं. सकाळ-संध्याकाळ आणि थंडी वाजली की लगेच मोजा. तोंडात धरत असाल तर आधी पंधरा मिनिटं चहा-पाणी नको. तोंड आलेलं असेल तर काखेत धरा, पण काखेतला आकडा आतल्या तापापेक्षा जवळपास अर्ध्या सेल्सिअसने, म्हणजे फॅरनहाईटमध्ये एक अंशाने कमी येतो हे लक्षात ठेवा. गुदद्वारात थर्मामीटर नको, एनिमा नको, या दिवसांत तिथली बारीकशी जखमही महाग पडते.

१००.४ फॅरनहाईट, म्हणजे ३८ सेल्सिअस, ही रेषा. आकडा तिथे पोचला की फोन आणि दवाखाना, त्याच तासाला. सकाळ होऊ दे म्हणायचं नाही. आणि आधी पॅरासिटामॉल द्यायची नाही. घात होतो तो इथेच. गोळीने ताप उतरतो, घरचे निश्चिंत झोपतात, जंतू रक्तात वाढत राहतो आणि पहाटे बीपी खाली आलेलं असतं. ताप नसेल पण हुडहुडी भरली, पेशंट गुंगीत बोलायला लागला, लघवी कमी झाली, तरीही निघायचं. कॅज्युअल्टीच्या दारातच मोठ्याने सांगायचं, ‘केमो चालू आहे आणि ताप आलाय.’ नुसतं ‘ताप आलाय’ म्हटलं तर नंबर लागेपर्यंत बाकावर बसवतील. पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक शिरेतून सुरू व्हायला हवं, अशी जगभरची पद्धत आहे. आधी रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहे का ते पाहायला नमुना, घेतात, त्याला दोन-पाच मिनिटं लागतात, घेऊ द्या.

पेशी वाढवण्याचं इंजेक्शन, फिलग्रास्टिम, केमो संपल्यावर किमान चोवीस तासांनी सुरू करतात. लवकर दिलं तर नव्या जन्मणाऱ्या पेशी केमोच्या तावडीत सापडतात. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं. मेडिकलमधून घरी आणताना बर्फाच्या जेल पॅकला फडकं गुंडाळून मग त्यात ठेवा. बर्फाला थेट टेकलं तर गोठतं, आणि गोठलेलं इंजेक्शन बरं दिसलं तरी वापरायचं नाही. फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटून तर नकोच. वीज गेली तर फ्रीज उघडायचाच नाही. इंजेक्शननंतर कमरेची, मांड्यांची हाडं ठणकतात. हाडांतली, रक्तपेशी तयार करणारी मज्जा कामाला लागल्याची ती खूण, आजार हाडात गेल्याची नव्हे. हे आधी सांगितलेलं नसलं की घरात रडारड होते.

ताप आणि पाणी हे सोलापुरात एकमेकांना जोडलेले विषय आहेत. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, म्हणजे घरोघरी पिंप आणि बॅरल. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात, डेंग्यूने ताप येतो आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, उतरतात. केमोनेही नेमकं हेच होतं. दोन्ही एकदम झालं की डॉक्टरांचीही पंचाईत. बॅरलवर घट्ट कापड बांधा, आठवड्यातून एकदा रिकामं करून कडा घासा, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. पिण्याचं पाणी खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिटभर उकळलं की पुरतं, पुढे अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. तोटीच्या झाकणबंद भांड्यात ओता, चोवीस तासांनी बदला. ओगराळं बुडवायचं नाही. जारचं थंड पाणी शुद्ध असतं हा गैरसमज आहे, त्या जारना बहुधा सीलच नसतं.

केमोनंतरचे पहिले ४८ तास औषधाचा अंश लघवी, शौच आणि उलटीतून बाहेर पडतो. टॉयलेटमध्ये दुप्पट पाणी टाका, उलटीचं भांडं धुताना हातमोजे घाला, चादर खराब झाली तर वेगळी धुवा, गरोदर बाईने हे काम करू नये. ही काळजी औषधासाठी आहे. कॅन्सर स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, एकाच चादरीत झोपल्याने होत नाही. पेशंटचं ताट वेगळं काढणारी घरं आजही आहेत, त्यांना हे दोन्ही एकाच दमात सांगावं लागतं. डॉक्सोरुबिसिन हे लाल औषध दिलं असेल तर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नाही.

आता खाणं. सोलापूरच्या जेवणात पेशंटला लागणारं बरंच काही आहे, फक्त त्याचं रूप बदलायचं. दर किलो वजनामागे रोज एक ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण २५ ग्रॅम, एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, वाटीभर घट्ट वरणात ६ ते ८, पेलाभर दुधात ६-७. वरणाच्या नुसत्या पाण्यावर आणि साबुदाण्याच्या खिरीवर ठेवलेला पेशंट तीन आठवड्यांत चार किलो उतरतो आणि मग सगळे केमोला दोष देतात. कडक भाकरी तोंड आलेल्या माणसाला टोचते. ती चुरून गरम दुधात किंवा शेंगाच्या आमटीत भिजवा. शेंगाचटणीतली लाल मिरची काढून नुसता भाजक्या दाण्याचा बारीक कूट, मीठ आणि चिमूटभर जिरे करा आणि आमटी, भात, खीर, सगळ्यांत दोन-दोन चमचे घाला. शेंगापोळी तुपात मऊ करून, दुधात कुस्करून. दाणे मात्र निवडून घ्या. काळे पडलेले, सुरकुतलेले, खवट दाणे फेकायचे, त्यांतल्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

साखर बंद केली की गाठ उपाशी मरते ही समजूत काढून टाका. उपाशी राहतो तो पेशंट. मधुमेह असला तर गोष्ट वेगळी, कारण उलटी थांबवायला दिलेल्या डेक्सामेथासोनने दोन-तीन दिवस शुगर चढते, ती घरी मोजावी. त्याच गोळीने झोप उडते, म्हणून ती सकाळी घ्यायची असते.

बाहेरचं कापलेलं फळ, गाड्यावरचा बर्फ घातलेला उसाचा रस, कच्ची कोशिंबीर, अर्धकच्चं अंडं नको. घरी धुऊन सोललेलं केळं, पपई, मोसंबी खुशाल. अन्न ताजं, गरम. सकाळचं मटण संध्याकाळी गरम करून चालेल का, असा प्रश्न नेहमी येतो. उन्हाळ्यात फ्रीजबाहेर तासाभराहून जास्त राहिलेलं असेल तर नाही. गुळवेलीचा काढा, भस्मं, कुणीतरी गावाहून आणलेली पावडर यांच्याबद्दल डॉक्टरांना सांगा. त्यांनी लिव्हरचे आकडे अचानक वाढले की केमो थांबते आणि कारण सापडेपर्यंत पंधरा दिवस जातात.

तोंड आलं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा. दर चार तासांनी खळखळून थुंकायचं, रोज नवीन करायचं. स्पिरिट असलेला माऊथवॉश नको, तो आग करतो आणि तोंड कोरडं पाडतो. ब्रश सगळ्यात मऊ. मिश्री बंद, पूर्ण बंद. जिभेवर किंवा गालात पांढरे थर दिसले तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध आहे. आणि ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं औषध चालू असेल तर गार पाणी, फ्रीजमध्ये हात घालणं, बर्फ, सगळं काही दिवस वर्ज्य, घशात आणि बोटांत सुया टोचल्यासारखं होतं. मेमध्ये फार अवघड जातं, तरीही माठाचं पाणीसुद्धा कोमट करूनच द्यायचं.

उलटीची गोळी उलटी व्हायला लागल्यावर नव्हे, लिहून दिलेल्या वेळेला. सिस्प्लॅटिनसारख्या औषधात मळमळ दुसऱ्या ते पाचव्या दिवशी उसळते, पहिल्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या की तिसऱ्या दिवशी सलाईन लागतं. ऑन्डान्सेट्रॉन या उलटीच्या गोळीने पोट गच्च होतं, त्याची तयारी आधीच ठेवा. उलट जुलाब नेहमीपेक्षा चार वेळा जास्त झाले तर ओआरएस सुरू करून फोन करा. एक लिटरचं पाकीट बरोबर एक लिटरमध्ये. अर्ध्या पेल्यात अर्धं पाकीट टाकून दिलं तर जुलाब वाढतात.

रेडिएशन वेगळ्या तऱ्हेने दमवतं. तोंडा-घशाच्या कॅन्सरला बहुधा ३० ते ३५ बैठका, आठवड्याला पाच, म्हणजे सहा-सात आठवडे. जिल्ह्यात बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल जुनं आणि जाणतं ठिकाण आहे. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. सोलापूरहून बार्शी सत्तर किलोमीटर. रोज एसटीने जाऊन-येऊन करू असं सगळेच म्हणतात, पण चौथ्या आठवड्यात गिळताना कळ मारते, अंगातला जोर जातो आणि तेव्हाच खाडे सुरू होतात. खाड्याने फक्त तारीख पुढे जात नाही. मधल्या दिवसांत उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढतात आणि उपचाराचा जोर कमी होतो. त्यामुळे शेवटचे तीन आठवडे तरी तिथे राहायची सोय पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. मशीन बंद असलं तर राहिलेली बैठक कशी भरून काढणार हे विचारणं पेशंटचा हक्क आहे.

रेडिएशनच्या वेळचा साचा, म्हणजे चेहऱ्यावरचा जाळीदार मास्क, मापाने केलेला असतो. वजन उतरलं की तो सैल होतो आणि नेम चुकू शकतो, म्हणून दर सोमवारी वजन करा आणि उतरलं तर टेक्निशियनना सांगा. किडलेले दात रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढून घ्यावेत. नंतर जबड्याचा दात परस्पर गल्लीतल्या डेंटिस्टकडे काढला तर हाड भरून न येता सडू शकतं. हे रेडिएशननंतर वर्षानुवर्षं लागू राहतं. त्वचेवर हळद, खोबरेल, बाम, पावडर काही नाही. सुती ढगळ कपडा. दाढी ट्रिमरने.

तोंड उघडण्याचा व्यायाम सुरुवातीपासून. आइसक्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, रोज किती बसतात ते लिहायचं. स्वतःची तीन बोटं उभी आत जातात तोवर ठीक. गुटखा-मावा खाल्लेल्यांचं तोंड आधीच आखडलेलं असतं, त्यांनी दिवसातून पाच-सहा वेळा.

गिळता येईना झालं की अन्न द्यायला नाकातून पोटात नळी घालतात. तिची लाज वाटून पेशंट बाहेर पडत नाही, पण नळी वेळेवर घातली तर उपचार पूर्ण होतात, हे दुसऱ्या नळीवाल्याकडून ऐकलं की पटतं. बाकी तंत्र साधं. भरवताना पाठ ३० ते ४५ अंश उचललेली, नंतर अर्धा तास तसंच बसवायचं. झोपवून दिलं तर फुप्फुसात जातं. आधी नळीवरची खूण नाकाशी जुळते का पाहायचं. सरकलेली वाटली, खोकला आला, आवाज बदलला तर काहीही न देता दवाखाना. एका वेळी २०० ते २५० मिली, पंधरा-वीस मिनिटं, सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायचं, दांडा दाबायचा नाही. आधी आणि नंतर ३० ते ५० मिली पाणी. नळी तुंबते ती गाळून न घेतलेल्या सातूने किंवा भरड कुटलेल्या गोळ्यांनी. तुंबली तर कोमट पाण्याने हळूहळू आत-बाहेर करायचं, जोर लावला तर नळी फाटते. हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कुटायच्याच नाहीत, दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो.

वेदनेबद्दल आपल्याकडे ‘सहन कर’ हे सल्ल्यासारखं सांगतात. सहन करणारा माणूस झोपत नाही, खात नाही, आणि पुढच्या उपचाराला उभा राहू शकत नाही. मॉर्फिनच्या साध्या गोळ्या दर चार तासांनी, घड्याळ लावून, दुखो वा न दुखो. मध्येच कळ मारायला लागली तर सांगितलेला जादा डोस. दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागेल ही भीती घरच्यांना जास्त असते आणि तिच्यापायी गोळ्या कपाटात लपवल्या जातात. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मग ओसरते. पोट मात्र गच्च राहतंच, तेव्हा रेचक पहिल्याच दिवसापासून, आणि ते डॉक्टरांनी दिलेलं. पाणी कमी जात असेल तर इसबगोलाने आत गोळा होतो. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, मिळाली म्हणजे ‘आता काही उरलं नाही’ असं समजून लोक ती उशिरा मागतात. ती केमोच्या बरोबरीने पहिल्या महिन्यापासून घेता येते.

मग गल्लीने नेमकं काय करायचं? ‘काही लागलं तर सांगा’ यावर कुणीच काही सांगत नाही. ‘अक्का, बुधवारचं पाणी मी भरते’ म्हटलं की काम होतं. नळाला पाणी येण्याच्या दिवशी पेशंटच्या घरचं पाणी भरणारं एक नाव ठरवा. केमोच्या पहिल्या पाच दिवसांचा डबा वाटून घ्या, कमी तिखट, कमी वासाचा, कारण फोडणीच्या वासाने उचमळतं. सातव्या ते चौदाव्या दिवसांत रात्री फोन उचलणारी दोन माणसं, एक गाडीवाला आणि एक त्याला पर्याय. एकाच माणसाकडे पेशंटची बातमी असावी आणि बाकीच्यांनी त्यालाच विचारावं. सर्दी-खोकला झालेल्याने, घरात कांजिण्या असलेल्याने यायचं नाही. बाकीच्यांनी पंधरा मिनिटं, हात धुऊन. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, म्हणजे यात्रेला, जायचं असेल तर केमोच्या तारखेवरून तिसरा आठवडा येतो का पाहा, मास्क लावून दुपारी कमी गर्दीत जाऊन या. मनाला त्याची गरज असते आणि तारीख जुळत असेल तर अडवू नये.

वर्गणी एकदम मोठी काढून पहिल्याच महिन्यात देण्यात फारसं हशील नाही. यंत्रमागावर आठवड्याला पगार होतो. सोबत जाणाऱ्या मुलाचे खाडे पडतात तिथे घर सहा महिने हळूहळू खचतं. दर महिन्याला थोडी रक्कम, घरभाडं आणि प्रवासापुरती, जास्त उपयोगी पडते. मुंबईला जायचं असेल तर रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस सकाळी पोचवते. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत. दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा फॉर्म खिडकीवर दाखवायचा. वंदे भारतमध्ये ही सवलत नाही. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला उपचार असतील तर राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कित्येक सोलापूरकरांच्या ओळखीची आहे.

मंडळांच्या पोरांसाठी खास काम म्हणजे प्लेटलेट. काढलेल्या प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून लागेल त्या आठवड्यात हजर होणाऱ्यांची यादी हवी. मशीनवर एकाच माणसाकडून काढतात, तास-दीड तास जातो. वजन ५० किलोच्या वर, हाताची शीर ठसठशीत, आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नको. दहा नावं लिहा, रक्तपेढीत आधीच शिरा दाखवून या. ऐन रात्री दहातले सहा बाद होतात. रक्ताचा कॅन्सर असेल आणि पुढे बोन मॅरो बदलायचा विचार असेल तर सख्ख्या भावाबहिणींनी रक्त देऊ नये, पेशंटचं शरीर त्यांच्या पेशींविरुद्ध आधीच तयार होऊ शकतं.

उपचार पार पडलेल्या माणसाला नव्या पेशंटकडे पाठवायचं तर आजार तोच, भाषा तीच, आणि वेळ मास्क बनवायच्या किंवा पहिल्या केमोच्या आदल्या दिवसाची. त्याने काय सांगावं: मास्कमध्ये श्वास घेता येतो, केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात आणि परत येतात, चव कधी परतली. काय सांगू नये: कोणतं औषध, किती डोस, आणि ‘मला तर काहीच झालं नाही’. तोंडाच्या कॅन्सरचा फॉलोअप पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी असतो, पुढे अंतर वाढत जातं, पाच वर्षांनंतर वर्षातून एकदा. त्या चकरांत तंबाखू पुन्हा सुरू झालेला सापडतो, अनेकदा मिश्रीच्या रूपात. तंबाखू सोडवण्याची सरकारी मोफत लाईन १८०० ११ २३५६ आहे. मात्र विड्या वळणाऱ्या घरात तंबाखूची पाटी समोर असताना फोन पुरत नाही. पेशंटचं अंथरूण आणि वळणीची जागा वेगळी करावी लागते.

बायकांच्या बचत गटांकडे एक काम सोपवता येतं. शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात बार्शीच्या हॉस्पिटलने आणि टाटा मेमोरियलने ३० ते ५९ वर्षांच्या सव्वा लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये आलेला निष्कर्ष असा की आयुष्यात एकदाच एचपीव्ही, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच पट्ट्यातल्या बायकांनी जगाला दिलेला हा पुरावा. गटाच्या मासिक बैठकीत तिशी ओलांडलेल्या बायकांची यादी करा, पाळीच्या दिवसांबाहेरची तारीख घ्या आणि पाच-सहा जणींनी मिळून जा. सुरुवात पेशंट असलेल्या घरातल्या सुनेपासून आणि जावेपासून करा, तिथे तपासणी कशाला हे समजावत बसावं लागत नाही.